पहाटे पडते, नऊला आपोआप उठते: फुगवट्यावरून जाणाऱ्या लिंकचं निदान

तक्रार ठरलेली असते. "पहाटे चार-साडेचारला नेट जातंय, नऊच्या सुमारास आपलं आपण येतंय. दिवसभर काही त्रास नाही." ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत आठवड्यातून तीन-चार पहाटे हेच चालतं. माणूस अकराला डोंगरावर पोहोचतो तेव्हा लिंक, म्हणजे दोन डिशमधली बिनतारी जोडणी, ठणठणीत असते. वर आलोच आहोत तर म्हणून डिश जरा हलवली जाते, सिग्नल एक-दोन डीबीने (डेसिबल, सिग्नल मोजायचं माप) सुधारल्यासारखा दिसतो, पाने-पक्कड आवरून मंडळी खाली उतरतात. परवा पहाटे पुन्हा फोन.

साताऱ्यात कण्हेर, उरमोडी, धोम, कोयना आणि सांगलीच्या शिराळ्याकडे चांदोली, या धरणांच्या फुगवट्यापलीकडच्या गावांना फायबर न्यायचा तर पाण्याला मोठा वळसा पडतो. म्हणून पाण्यावरून सरळ ५ गिगाहर्ट्झची लिंक टाकली जाते. माण, खटाव, जत, आटपाडीकडे एवढं पाणी नाही, तरी हीच तक्रार तिकडूनही येते. घोळ इथेच आहे: घड्याळ एकच असलं तरी मुख्य आजार तीन आहेत.

एक, पाण्यावरचं परावर्तन आणि पहाटेची थर धरलेली हवा. दोन, मधल्या रिपीटरची (सिग्नल घेऊन पुढे पाठवणाऱ्या ठाण्याची) सोलरवरची बॅटरी. तीन, कनेक्टरात शिरलेलं दव. तिन्ही रात्री उशिरा बिघडतात आणि ऊन वर आलं की बरे होतात. त्यामुळे "पहाटे पडते" एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आणि निदान होईपर्यंत डिशला हात लावायचा नाही. डिश जागची हलली की जुन्या नोंदींशी तुलना संपली, मग कुठला बदल कशामुळे झाला ते कुणालाच सांगता येत नाही.

धुक्यालाही उगाच दोष देऊ नका. ६ गिगाहर्ट्झच्या खाली दाट धुकं बारा किलोमीटरमध्ये मिळून अर्धा डीबीसुद्धा खात नाही. पावसाचंही तसंच: ताशी ५० मिलिमीटरच्या सरीत या पट्ट्यात किलोमीटरला साधारण पाव ते एक तृतीयांश डीबी जातो, आणि एवढी जोराची सर बारा किलोमीटरभर एकाच वेळी क्वचित कोसळते. धुकं दिसतं त्याच पहाटे लिंक पडते हे खरं, पण धुकं हा गुन्हेगार नाही, तो साक्षीदार आहे. वारा पडलेला, आकाश निरभ्र, जमिनीलगत गार हवा आणि वर ऊबदार थर, अशी रात्र असली की धुकंही धरतं आणि लिंकही बसते. तासगाव-मिरजेचा द्राक्षबागायतदार ज्या पहाटेला धास्तावतो, तीच ही पहाट.

आधी नोंद, मग डोंगर

लिंक पडली की पलीकडचं टोक दिसेनासं होतं, आणि बऱ्याच रेडिओंचा लॉग मेमरीत असल्याने रीबूटला पुसला जातो. म्हणून नोंद दोन्ही टोकांना, जागच्या जागी व्हायला हवी. पलीकडे एखादा छोटा राउटर किंवा रास्पबेरी पाय ठेवून दर ६० सेकंदांनी एसएनएमपीने (रेडिओकडून आकडे मागवायची नेटवर्कची पद्धत) आकडे उचला आणि कार्डावर लिहा. पाच मिनिटांची सरासरी काढली तर मिनिट-दोन मिनिटांचे खड्डे त्यात बुजून जातात, ती काढू नका. दोन्हीकडे एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणारी सोय) चालू करून वेळ भारतीय ठेवा. रीबूटनंतर घड्याळ १९७० ला जाणारे रेडिओ अजून भरपूर आहेत आणि तसा लॉग जुळवणं म्हणजे डोक्याला ताप.

उचलायचे आकडे: दोन्ही चेनचा (उभ्या आणि आडव्या लहरींच्या दोन वाटा) सिग्नल वेगवेगळा, नॉइज फ्लोअर (मागचा गोंगाट), एमसीएस (रेडिओने निवडलेली वेगाची पायरी), अपटाइम (शेवटच्या रीबूटपासूनचा वेळ), लॅन पोर्टचा वेग आणि त्यावरच्या सीआरसी चुका (केबलीत बिघडलेला डेटा), बॅटरीचं व्होल्टेज. सात दिवस पुरतात, त्यात निदान दोन पहाटा लिंक पडलेली हवी.

मग नोंद वाचायची ती याच क्रमाने. अपटाइम शून्यावर आला असेल तर विजेचं दुखणं आहे, पुढे वाचायची गरज नाही. अपटाइम चालू आहे पण एकच चेन ढासळली, म्हणजे उभी -६१ डीबीएमवर (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) जागच्या जागी आणि आडवी -७८, तर ओल शिरली आहे. दोन चेनमध्ये नेहमीपेक्षा ५-६ डीबीहून जास्त फरक हवेमुळे तासन्तास टिकत नाही. दोन्ही चेन, दोन्ही टोकांना, एकाच वेळी, सारख्याच बसल्या तर दोष वाटेत आहे. आणि सिग्नल तसाच राहून नॉइज -९७ वरून -८५ वर चढला, तोही एकाच टोकाला, तर दुसऱ्या कुणाचा तरी रेडिओ कानात ओरडतोय.

सिग्नल, नॉइज, अपटाइम सगळं ठीक आणि तरी ग्राहकाचं नेट बंद, असं असेल तर लॅन पोर्ट १०० वरून १० वर उतरलाय का ते बघा. आरजे-४५ मधलं दव हेच करतं.

सोलरचा रिपीटर

८ वॅटचे दोन रेडिओ, ५ वॅटचा स्विच आणि कन्व्हर्टरची गळती धरून भार साधारण २५ वॅट. दिवसाला ६०० वॅट-तास. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरायची म्हटली तर हातात ६०० वॅट-तास, म्हणजे बिनउन्हाचा एक दिवस. हिवाळ्यात पॅनल संध्याकाळी साडेपाचला थांबतं आणि सकाळी आठपर्यंत कामाचं काही देत नाही. हे साडेचौदा तास म्हणजे ३६० वॅट-तास. नवी बॅटरी ते सहज काढते. तीन-चार वर्षांत क्षमता निम्म्याच्याही बरीच खाली गेलेली बॅटरी पहाटेच्या आसपास दम तोडते. कंट्रोलर साधारण ११.१ व्होल्टला भार तोडतो आणि १२.६ च्या आसपास परत जोडतो. उन्हाने तेवढं व्होल्टेज यायला नऊ वाजतात. "आपलं आपण येतंय" ते असं.

दिवसा मीटर लावून १३.५ व्होल्ट दिसले म्हणजे बॅटरी चांगली असं नव्हे, तो पॅनलचा आकडा आहे. पॅनल सोडवून, भार चालू ठेवून चार तास थांबा. १०० अँपिअर-तासाच्या निरोगी बॅटरीतून चार तासांत जेमतेम ८-९ अँपिअर-तास जातात, त्यामुळे व्होल्टेज १२.४ च्या खाली यायला नको. आलं तर बॅटरी बदला. पॅनल २०० वॅटच्या खाली ठेवू नका, आणि पश्चिमेकडे पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तिथे दोन्ही आकडे दुप्पट धरले तरी जपूनच. शक्य असेल तर असा रिपीटर लाईटवर घ्या आणि सोलर आधाराला ठेवा. पण शेतीच्या फीडरवर नको. रात्रपाळीची लाईट आली की डीपीवरच्या सगळ्या मोटरी ऑटोस्विचने एकदम उठतात आणि व्होल्टेज क्षणभर बसतं, तेवढ्याने रेडिओ रीबूट होतो.

अपटाइम शून्य होतोय पण बॅटरी ठीक आहे, तर केबल कापून एक तार ब्लेडने खरवडा. तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरी चमक दिसली तर ती ॲल्युमिनियमची केबल आहे. साध्या २४ व्होल्टच्या पीओईत (नेटच्या केबलमधूनच वीज देण्याच्या पद्धतीत) ६० मीटर अस्सल तांब्याच्या कॅट-५ई मधून जाऊन-येऊन रोध साधारण साडेपाच ओहम, ८ वॅटच्या रेडिओला दोन व्होल्टच्या आत पडतात. मुलाम्याच्या केबलीत तेच तीन होतात, आणि १८ वॅटचा रेडिओ असेल तर सहा-सातच्याही वर. मग रेडिओ पूर्ण ताकदीने पाठवायला गेला की बसतो.

दव

टेप उलगडला की दिसतं: पिगटेलच्या (रेडिओ आणि डिश जोडणाऱ्या आखूड केबलच्या) कनेक्टरची मधली पिन काळसर-हिरवी पडलेली, भोवतीच्या पांढऱ्या टेफ्लॉनवर पाण्याचा एक टपोरा थेंब. हा थेंब दुपारी वाफ होऊन आतच राहतो आणि पहाटे परत जमतो, म्हणून दुपारच्या तपासणीत सगळं कोरडं दिसतं. खात्री करायला पहाटेची वाट बघायची गरज नाही. फवारणीचा हातपंप घ्या, स्वच्छ पाणी भरा, एकेक जोड दोन मिनिटं भिजवा आणि मोबाईलवर त्या चेनचा आकडा बघत राहा. दोषी जोड पाच-दहा मिनिटांत कबुली देतो.

हिरवी पडलेली पिगटेल घासूनपुसून परत लावू नका, बदला. नवीन जोडावर आधी साध्या पीव्हीसी टेपचा एक थर, त्यावर आपोआप चिकटणारा रबरी टेप रुंदी निम्मी होईपर्यंत ताणून, वर पुन्हा पीव्हीसी. तिन्ही थर खालून वर गुंडाळायचे. कौलं वळचणीकडून आढ्याकडे लावत नेतात तसे, म्हणजे पाणी वरच्या थरावरून खालच्यावर ओघळतं, सांध्यात शिरत नाही. केबलला कनेक्टरच्या खाली हातभर लोंबती कमान सोडा. रेडिओच्या बुडाला एक बारीक भोक असतं, ते आत जमलेलं पाणी निघायला असतं. हौसेने सिलिकॉन भरून ते बुजवलेले रेडिओ हमखास आतून भिजलेले निघतात. आणि व्हिनेगरसारखा वास मारणारा सिलिकॉन जोडाजवळ नकोच, तो तांबं खातो.

पाणी

दोन्ही चेन दोन्हीकडे सारख्या बसतायत, अपटाइम अखंड आहे, तर खरं दुखणं हे. नमुन्यादाखल नोंद अशी दिसते: दुपारी -६०, रात्री दोनला -६२, चारला -६६, साडेचारला -७३, चार चाळीसला -८१, चार त्रेचाळीसला लिंक तुटली. पुढे तासभर वर-खाली, साडेआठनंतर भराभर सुधारणा.

हिशोबाला एक लिंक धरू. अंतर १२ किलोमीटर, ५.८ गिगाहर्ट्झ, एक डिश पाण्यापासून ६२ मीटर उंच, दुसरी ४१ मीटर. मोकळ्या हवेतली घट १२९.३ डीबी. ईआयआरपी (डिशसकट बाहेर पडणारी ताकद) ३६ डीबीएम आणि समोर ३० डीबीआयची (डीबीआय म्हणजे डिश सिग्नल किती एकवटते त्याचं माप) डिश, म्हणजे यायला हवेत -६३. दुपारी -६० दिसले तर खूश होऊ नका. हिशोबापेक्षा जास्त सिग्नल म्हणजे पाण्यावरून उडालेला किरण सरळ किरणाला हात देतोय. सहा डीबीपर्यंत तो देऊ शकतो, आणि दिलेलं काढूनही घेतो.

ते कसं, तर दोन वाटांच्या लांबीतला फरक साधारण दोन्ही उंचींच्या गुणाकाराची दुप्पट भागिले अंतर. पृथ्वीची वक्रता वजा करून या लिंकवर दिवसा तो ३९ सेंटिमीटर येतो. तरंगलांबी ५.१७ सेंटिमीटर, म्हणजे साडेसात तरंग. इतक्या सपाट कोनात पाण्यावर आपटताना तरंग उलटा होतो, म्हणून साडेसाताला दोन्ही किरण जुळतात आणि आठ भरले की एकमेकांना मारतात. पहाटे गार-ऊबदार थरांमुळे किरण जमिनीकडे जास्त वाकतो, पृथ्वी जणू सपाट होते आणि तोच फरक ४१.४ सेंटिमीटर होतो. तेच आठ तरंग, तोच खड्डा. सगळा खेळ जेमतेम अडीच सेंटिमीटरचा.

पाण्याची पातळीही हेच करते. या लिंकवर पातळी दीड मीटर, म्हणजे पाच फूट उतरली की शिखराचा खड्डा होतो. कोयना १०५ टीएमसीचं धरण, ऑक्टोबरला भरलेलं असतं ते उन्हाळ्यापर्यंत कितीतरी फूट खाली जातं. त्या वाटेत लिंक अनेक खड्ड्यांतून जाते, त्यातल्या काही आठवड्यांत पहाटेला त्रास, काहींत अजिबात नाही. धरणांची पाणीपातळी पेपरात येत असते. ती लॉगशेजारी लिहीत चला, दोन महिन्यांत जोडी दिसायला लागते.

आता उपाय, आणि आधी जे उपाय नाहीत ते. चॅनेल २० मेगाहर्ट्झने सरकवून फरक पडणार नाही. खड्ड्यातून शिखरावर यायला इथे ३८५ मेगाहर्ट्झ सरकावं लागतं. (उलट २० मेगाहर्ट्झने लिंक सुधारली, तर तो खड्डा नव्हताच, दुसऱ्याचा त्रास होता. फुकटातली चांगली चाचणी आहे.) पोलरायझेशन (लहरीची उभी-आडवी दिशा) बदलून काही नाही, अर्ध्या अंशाच्या कोनात पाणी उभा-आडवा दोन्ही जवळपास सारखेच परतवतं. डिशचं तोंड वर करूनही नाही: ३० डीबीआयच्या डिशचा झोत सुमारे ५ अंशांचा, दोन किरणांतलं अंतर अर्ध्या अंशाच्या आसपास. पॉवर वाढवून तर दोन्ही किरण सारखेच मोठे होतात.

सगळ्यात चांगला उपाय जागेचा. किरण पाण्यावर आपटतो तो बिंदू उंच टोकापासून ७.२ किलोमीटरवर आहे. गूगल अर्थवर तिथे खूण करा. ती पाण्यात असेल तर एका टोकाची उंची बदलून बिंदू काठावरच्या झाडीत किंवा उंचसखल रानात नेता येतो का बघा, तिथे किरण विखुरतो. खालचं टोक उंच केलं की बिंदू उंच टोकाकडे सरकतो. याहून सोपं म्हणजे डिश कड्याच्या टोकावरून मागे घेणं. कड्यावरून नजारा उत्तम दिसतो, म्हणून टॉवर नेमका तिथे उभा राहतो. वीस-पंचवीस मीटर मागे सरलं की कड्याची धार पाण्यावरून येणारा किरण अडवू शकते. सरळ किरण मात्र मोकळा राहिला पाहिजे. मध्यावर पहिल्या फ्रेनेल पट्ट्याची (सरळ किरणाभोवती मोकळी लागणारी जागा) त्रिज्या साडेबारा मीटर, तिचे ६० टक्के म्हणजे साडेसात मीटर, शिवाय वक्रतेचे दोन. धारेजवळ तीच त्रिज्या मीटर-सव्वा मीटर असते, तेवढं राखून सरका.

जागा बदलता येत नसेल तर दुसरी डिश. खालच्या टोकाला पहिलीच्या बरोबर खाली (किंवा वर) २.६ मीटर अंतर ठेवून. वरची खड्ड्यात असते तेव्हा खालची शिखरावर असते. साध्या रेडिओंना दोन डिशमधून निवड करता येत नाही, म्हणून दोन स्वतंत्र लिंक उभ्या करा: एक ५.८ च्या आसपास, दुसरी ५.४ च्या खाली (तिच्या तरंगलांबीला वरचं २.६ मीटरचं अंतर नव्याने तपासून). २०१८ च्या अधिसूचनेने ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ विनापरवाना खुले केलेत, पण पॉवरची मर्यादा पट्ट्यागणिक वेगळी आहे, दुसऱ्या लिंकचा हिशोब त्या मर्यादेत बसवून घ्या. मधल्या पट्ट्यांत रडारची चाहूल लागली की रेडिओ चॅनेल सोडतो, अर्धा तास तिथे परतत नाही आणि नव्या चॅनेलवर बोलण्याआधी मिनिटभर ऐकत बसतो. लॉगमध्ये "रडार" शब्द शोधा, कधीकधी पहाटेचं कोडं तेवढ्यावरच सुटतं.

दोन लिंकमध्ये अदलाबदल राउटरने करायची, ओएसपीएफ (वाट निवडणारा) आणि बीएफडी (वाट तुटल्याचं लगेच ओळखणारा) हे राउटरचे प्रोटोकॉल लावून. पडलेली लिंक उठली की लगेच तिच्यावर परतायचं नाही, दहा मिनिटं सलग टिकली तरच. नाहीतर पहाटे दोन्ही लिंकमध्ये ट्रॅफिकची टोलवाटोलवी होते आणि ग्राहकाला ते बंदपेक्षा वाईट वाटतं.

आणि अंतर. हवेतल्या खड्ड्यांमुळे लिंक किती वेळ बंद राहील ते काढायचा व्हिगँट्स-बार्नेटचा हिशोब अंतराच्या घनाने वाढतो. १२ किलोमीटर, पाण्यावरची लिंक, १५ डीबी राखीव (लिंक तुटेपर्यंत सिग्नलला पडायला उरलेली जागा) असताना वाईट महिन्यात साधारण ३३ मिनिटं बंद. २५ डीबी राखीव असतील तर सव्वातीन मिनिटं. तीच लिंक मध्ये रिपीटर घालून सहा-सहाची केली तर प्रत्येक टप्प्याचा वेळ आठवा हिस्सा. (अर्थात रिपीटर आला की वर लिहिलेली बॅटरीही आली.) राखीव डीबी फुकटात मिळवायचा मार्ग म्हणजे चॅनेलची रुंदी: ८० वरून २० मेगाहर्ट्झवर आलं की ६ डीबी हाती लागतात. रात्री अकरा ते सकाळी नऊ गावात वापर कमी असतो, तेवढ्या वेळेपुरती रुंदी २० वर आणणारी स्क्रिप्ट हा चांगला तात्पुरता उपाय आहे.

नॉइज चढण्याबद्दल थोडंच. ज्या थरांमुळे आपला सिग्नल वाकतो, त्याच थरांतून एरवी डोंगराआड असलेले लांबचे रेडिओही ऐकू येतात, म्हणून हा त्रासही पहाटेचाच. रुंदी कमी करा, चॅनेल बदला, आणि तरी भागलं नाही तर कडेला खोल पत्रा असलेली डिश लावा.

दुरुस्ती झाली असं कधी मानायचं? बॅटरी आणि दव यांचं उत्तर आठवड्यात मिळतं. पाण्याचं नाही. निरभ्र, वारा पडलेल्या निदान दहा पहाटा नोंदीत हव्यात, आणि त्या काळात धरणाची पातळी तुमच्या लिंकच्या हिशोबाने एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंत, म्हणजे वरच्या उदाहरणात दहा फूट, उतरलेली हवी. तोवर तक्रार उघडीच ठेवा.